मांडीचा हेवा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं, की मला आनंद व्हायचा.

असं बोलणारी खाट तुम्हाला आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता माझं वय झालं आहे, कॅनव्हास विरलं आहे, आणि खोटं बोलून मला काय मिळणार? तेव्हा जे घडलं ते सरळ सांगते.

मी घडीची खाट आहे. पाय सागवानी, सांधे लोखंडी आणि अंगावर जाड हिरवं कॅनव्हास. कडेला पांढऱ्या रंगात एक आकडा होता, आता त्यातला फक्त सात ओळखू येतो. नगरच्या कँपात, लष्कराच्या गोदामात माझ्यासारख्या कितीतरी खाटा रचलेल्या असायच्या. सराव निघाला की त्या ट्रकमध्ये चढत, माळावर तंबूत जात, जवानांना अंगावर झोपवत आणि धुळीनं माखून मोठ्या ऐटीत परत येत. माझी जागा अगदी मागच्या रांगेत. माझ्यापर्यंत हात पोचायच्या आत ट्रक भरायचा. इतरांच्या अंगावरची ती धूळ बघून माझा जळफळाट व्हायचा. हेवा करायला मी तिथेच शिकले.

पुढे जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि मी शलमोनबाबांच्या वाट्याला आले. बाबा एका कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाले होते. माझा एक पाय तडकला होता. त्यांनी तो काढून बाभळीचा नवा पाय तासून बसवला, कॅनव्हासला ठिगळ लावून घेतलं आणि मला रिक्षाच्या टपावर बांधून नागापूरला आणलं. तिथे एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत, चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांत, त्यांची सून एंजेलाबाई बालवाडी चालवत होती. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या आयाबापांची पोरं तिथे दिवसभर असत.

वाटेत पोरांचा गलका कानावर आला तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता आपले दिवस पालटले. आता आपल्यावर उड्या पडतील.

एंजेलाबाईंनी मला उलगडून बघितलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाबा, आणलीत ती. आजारी मुलांना आई येईपर्यंत निजवायला काहीतरी हवंच होतं. मागच्या खोलीत टाकू."

मागची खोली म्हणजे पाण्याचं पिंप, झाडू, फिनेलची बाटली आणि एक खिडकी. त्या खिडकीतून मोठ्या खोलीतली निळी सतरंजी दिसायची. सतरंजीवर बावीस पोरं बसायची, लोळायची, डबा सांडायची, गाणी म्हणायची. काम तिचं काय? नुसतं पसरून पडायचं! तरी तिला बावीस आणि मला एकही नाही. पोरं तर माझ्या खोलीच्या दारावरूनसुद्धा जायची नाहीत. कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं, ती आजाराची खाट आहे, तिथे बसलं की ताप येतो.

मग मी आजारांची वाट बघायला लागले. कुठून खोकल्याची ढास ऐकू आली की माझ्या कॅनव्हासला ताण बसायचा. श्रावणात डोळे यायचे, थंडीत गालगुंड, उन्हाळ्याच्या तोंडाशी कांजिण्या. एकाला झालं की थोड्या दिवसांनी शेजारच्याला. सतरंजीवरचं पोर उठून माझ्याकडे यायचं, आणि मी त्या सतरंजीकडे बघून मनातल्या मनात म्हणायचे, बघ, आलं की नाही?

पण तेही माझं सुख पुरतं नव्हतं. कारण बालवाडीत रंगुबाई होती.

रंगुबाई तिथली मदतनीस. पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली, नऊवारीचा ओचा कायम ओला. तिच्या सुना-नातवंडं पुण्याला. वर्षातून एखाद्या सणाला यायची आणि दुसऱ्या दिवशी परतायची. पोरं तिला मावशी म्हणत. पोर तापलं की ती त्याला उचलून माझ्याकडे आणायची, निजवायची आणि कपाळावर ओलं फडकं ठेवून माझ्याच काठावर बसायची. बस्स! घटकाभरात ते पोर सरकत सरकत तिच्या मांडीवर. सहा फूट लांब मी, अंग ताणून तयार, आणि त्या बाईची हातभर मांडी माझ्याहून बरी! दोघांचं वजन मात्र माझ्यावर. पोराची ऊब मला मावशीच्या लुगड्याआडून कळायची, तीसुद्धा अर्धीमुर्धी.

त्या मांडीचा मी फार हेवा केला, मित्रांनो. सतरंजीपेक्षाही जास्त.

*

आता प्रार्थनाची गोष्ट सांगते.

प्रार्थना साडेतीन वर्षांची. तिचे आईवडील अकोले तालुक्यातल्या डोंगरातून कामासाठी इकडे आलेले. वडील हर्षल टेम्पो चालवायचे, तीन-तीन दिवस बाहेर. आई सुकन्या एका कंपनीत पॅकिंगला होती, कंत्राटावर. सकाळी साडेआठला पोरीला सोडायची आणि धावत गेट गाठायची. कंपनीत मोबाईल आत न्यायची परवानगी नव्हती. फाटकावर जमा करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बघायचा. महिन्यात तिसरा खाडा झाला की नाव कमी. ही सगळी हकीकत मला माहीत आहे, कारण आया बोलायला बसायच्या त्या माझ्यावरच.

एंजेलाबाईंचा नियम साधा होता. ताप, पुरळ, लाल डोळे असतील तर मूल घरी ठेवा. अंगावर फोड असतील तर ते वाळेपर्यंत आणू नका. दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं होतं. सगळ्या आया मान डोलवायच्या. पण ज्यांच्या घरी आजी नाही, शेजार नवा आहे आणि नवरा बाहेरगावी, त्यांनी काय करावं हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

ऑगस्टातला सोमवार होता. सकाळी प्रार्थना आली तेव्हा चांगली होती. अकरा वाजता ती सतरंजीवरच आडवी झाली. रंगुबाईनं हात लावला आणि म्हणाली, "बाई, पोरगी लई तापलीया."

तिला माझ्याकडे आणलं. एंजेलाबाईंनी थर्मामीटर लावला, तोंड उघडायला सांगितलं. आत जिभेवर, गालांच्या आतून पांढरे फोड. तळहातावर बारीक लाल ठिपके. बाईंनी ओळखलं. हात-पाय-तोंडाचा तो ताप, लहान मुलांत येतो आणि आठवड्यात जातो. पण एकाचा दुसऱ्याला लागतो. त्यांनी सुकन्याला फोन लावला. तो फाटकावरच्या खणात वाजत राहिला असणार.

प्रार्थनाला पाणी गिळवेना. घोट घेतला की रडायची, लाळ गळायची. रंगुबाईनं तिला मांडीवर घेतलं. कुठूनतरी गार केलेली भाताची पेज आणली आणि चमचा भरला.

"माज्याकडं बघ. मी कशी आ करते बघ. आ..."

रंगुबाईनं एवढा मोठा जबडा उघडला की पोर रडता रडता बघतच राहिली. मग तिनंही उघडला. चमचा आत गेला. पुन्हा रंगुबाईचा जबडा, पुन्हा चमचा. एक वाटी पेज संपायला तास लागला. मी खाली ताणून बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, मला मांडी का नाही?

सव्वा वाजता सुकन्या आली. धावत आल्यानं केस सुटलेले, अंगात कंपनीचा निळा कोट तसाच. "कुठंय? काय झालं माझ्या पिल्लाला?" असं म्हणत तिनं हात पुढे केले.

प्रार्थनानं तोंड फिरवलं आणि रंगुबाईच्या कुशीत खुपसलं.

"चल, घरी जाऊ. मम्मी आली बघ."

"नको. मला मावशी."

सुकन्यानं तिला ओढलं. पोरीनं रंगुबाईचा पदर गच्च धरला आणि किंचाळली. रंगुबाई गडबडून म्हणाली, "आगं, दुखतंय म्हणून करतीया ती. जरा थांब, आत्ता देते तुज्याकडं."

"तुमी कोण देणार?" सुकन्याचा आवाज फाटला. "माझी हाय ती. तुमीच तिला असं लावून घेतलंय. दिवसभर मांडीवर घ्यायचं, लाड करायचे, मग आई कशाला आठवंल? आमी मरमर काम करायचं आणि पोरगी तुमची व्हायची!"

रंगुबाईनं पोरीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. सुकन्यानं पोरीची मूठ एकेक बोट करून सोडवली आणि तिला खांद्यावर टाकून निघाली. दारातून बाहेर पडेपर्यंत प्रार्थना "मावशी, मावशी" करत होती.

सुकन्याचा चेहरा मी खालून पाहिला. कँपातल्या गोदामात मागच्या रांगेत पडून मी जे भोगलं होतं, ते तिच्या तोंडावर होतं. त्या खोलीत माझ्यासारखं कुणीतरी आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

*

मंगळवार, बुधवार प्रार्थना आली नाही. गुरुवारी आली. पायांत लोकरीचे मोजे, अंगात लांब बाह्यांचा झगा. बाहेर घामाच्या धारा लागल्या होत्या.

एंजेलाबाईंनी विचारलं, "आता कशी आहे?"

"बरी हाय. ताप न्हाई. डॉक्टरला दाखवलं," सुकन्या म्हणाली आणि बाईंच्या नजरेला नजर न देता निघून गेली. बाईंनी कपाळाला हात लावला. खरंच गार होतं. मोजे कुणी काढायला सांगितले नाहीत.

दहाच्या सुमारास प्रार्थनानं पाणी सांडून घेतलं. कपडे बदलायला रंगुबाई तिला मागच्या खोलीत घेऊन आली, माझ्यावर बसवलं आणि ओले मोजे ओढून काढले. तळपायांवर फोडच फोड. काही फुटलेले, काही भरलेले. हाताच्या कोपरांवरही तेच.

रंगुबाई बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिली. मग तिनं प्रार्थनाच्या गालाला हात लावला. पोरीनं लगेच तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

"मावशी, आ कर ना," प्रार्थना म्हणाली.

रंगुबाईनं आ केला. मग दुसरे कोरडे मोजे शोधून आणले, तिच्या पायांत चढवले आणि तिला हाताला धरून सतरंजीवर नेऊन बसवलं. एंजेलाबाईंना ती काही बोलली नाही.

मित्रांनो, ते सगळं मी पाहिलं होतं. मला तोंड असतं तरी मी बोलले नसते. मला ठाऊक होतं, चार-पाच दिवसांत सतरंजी रिकामी होत जाणार आणि मी भरत जाणार.

तसंच झालं. पुढच्या मंगळवारी नोहा नावाच्या पोरानं डबा तसाच ठेवला. बुधवारी तो तापला, आणि त्याच्यासोबत एकदम आणखी तिघं. एका बाजूला दोघं, दुसऱ्या बाजूला दोघं, मध्ये त्यांचे पाय एकमेकांत अडकलेले. आणि रंगुबाईची मांडी एकच. ती एकाला घ्यायची तर बाकीचे माझ्यावरच राहायचे. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होते ते असं अंगावर आलं होतं. पहिला अर्धा तास माझा अगदी दिमाखात गेला.

मग ती रडायला लागली. एक थांबलं की दुसरं. नोहाचे ओठ सुकून पापुद्रे निघालेले आणि तो चमच्यालाही तोंड उघडेना. रंगुबाई चौघांमध्ये धावत होती, तिचा आ कुणी बघेना. त्यांच्या अंगाची ऊब थेट माझ्या कॅनव्हासला लागत होती, लुगड्याचा आडपडदा नव्हता, आणि ती ऊब नव्हतीच, चटका होता. मला पहिल्यांदाच वाटलं, कुणीतरी येऊन यांना उचला. सगळ्यांना उचला. माझ्यावर एकही नको.

संध्याकाळी उशिरा नोहानं एक पेला दूध घेतलं तेव्हा एंजेलाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या.

*

दुसऱ्या दिवशी फाटकात आया जमल्या. मला तेव्हा पुसायला व्हरांड्यात काढलं होतं. पोरं आजारी, त्यामुळे प्रत्येकीच्या कामाला खाडा. चिडलेल्या होत्या आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं.

"आणलं कुणी हे?" एकीनं विचारलं.

नोहाची आई म्हणाली, "आणलं कुणी ते सोडा. पसरवलं कुणी? ह्याचं नाक पुसायचं आणि त्याच हातानं त्याला भरवायचं. मावशीच्याच हातानं झालंय सगळं. ती इथं असेल तर मी पोरगा पाठवणार नाही."

दोघी-तिघींनी मान हलवली. रंगुबाई पायरीवर उभी होती. तिनं आपले हात बघितले, ओच्याला पुसले आणि मागे धरले. तिच्या समोरच, सगळ्यांच्या पाठीमागे, प्रार्थनाचा हात धरून सुकन्या उभी होती. रंगुबाईची नजर तिच्यावर गेली, सुकन्याची मान खाली गेली. रंगुबाईनं नाव घेतलं नाही.

एंजेलाबाईंनी बालवाडी आठ दिवस बंद ठेवली. खेळणी, पिंप, दारांच्या कड्या, सगळं धुऊन काढायचं ठरलं. जाताना त्या रंगुबाईला हळूच म्हणाल्या, "तुम्ही थोडे दिवस घरीच राहा. लोक शांत होऊ देत."

शलमोनबाबांनी मला अंगणात काढलं, साबणाच्या पाण्यानं घासलं आणि उन्हात उभं केलं. शेजारी सतरंजीही दोरीवर टाकली होती. दोघी रिकाम्या. इतकी वर्षं मी तिचा द्वेष केला होता. पण त्या आठवड्यात तिच्याकडे बघून मला जळण्यासारखं काहीच सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगुबाई तिची पिशवी न्यायला आली. बाबांनी मला खाली टेकवलं आणि तिला बसायला सांगितलं. ती बसली आणि म्हणाली, "बाबा, मला म्हाईत हुतं. पोरीच्या पायाला फोड बघितले हुते मी. त्याच दिवशी."

बाबा चमकले. "मग एंजेलाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पोरगी घरी गेली असती." तिनं पदरानं डोळे टिपले. "माजी नातवंडं मला आजी म्हणून वळखत न्हाईत, बाबा. ही पोरगी आ कर म्हणती. मी म्हणलं, असू दे आजचा दिवस."

बाबांनी दोरीवरची सतरंजी उलटी केली. मग म्हणाले, "एंजेलाला सांग. तिला हे कळायला पाहिजे."

"सांगितलं तर तिच्या आईचं नाव निघंल. पोरीला इथं कुणी येऊ देणार न्हाई, मग तिचं काम जाईल. माजं गेलंच हाय, तिचं कशाला घालवू?"

ती उठली आणि पिशवी घेऊन निघून गेली. म्हणजे रंगुबाई, सुकन्या आणि मी, तिघींचं दुखणं एकाच जातीचं होतं. त्या पोरीनं आपल्याच अंगाला चिकटावं एवढंच आम्हाला हवं होतं, आणि त्यापायी चार पोरांना आम्ही तापात लोटलं होतं.

*

नवव्या दिवशी, बालवाडी उघडायच्या आधी, सकाळी साडेसातला सुकन्या आली. एकटीच. मी व्हरांड्यात होते. एंजेलाबाई झाडत होत्या. सुकन्या त्यांच्या हातातला झाडू बघत उभी राहिली.

"काय गं? प्रार्थना बरी आहे ना?"

"बरी हाय." ती माझ्यावर बसली. "बाई, ते मी आणलं. ताप न्हाई म्हणले ते खोटं हुतं. सकाळी तापाचं औषध पाजून आणली, मोजे घातले आणि इथं सोडली. दोन खाडे झाले हुते, तिसरा झाला असता तर नाव कमी झालं असतं. डॉक्टरला दाखवलं ते तेवढं खरं. पण डॉक्टरनी फोड वाळंपर्यंत घरी ठेवा म्हणून सांगितलं हुतं."

एंजेलाबाईंनी झाडू भिंतीला लावला आणि तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"मग बालवाडी बंद पडली आणि मला आठ दिवस घरी राहावं लागलं. नाव कमी झालंच. माझ्या हातानं झालं." तिनं माझ्या काठावरून हात फिरवला. "अजून एक हाय. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार न्हाई. त्या मंगळवारी, बुधवारी पोरगी घरी हुती, तेव्हा काही खायाची न्हाई. मी पेज केली, तर म्हणती, मावशी आधी आ करती, मग मी खाते. माझ्या पोटची पोर, आणि दुखलं की मावशीला हाक मारती! मी न्हाई केला आ. दिवसभर न्हाई केला. ती उपाशी राहिली तरी न्हाई. दुसऱ्या दिवशी डोळे खोल गेलेले बघितले तेव्हा केला, तर खाल्लं तिनं. मला माझीच पोरगी शिकवत हुती, मम्मी असं न्हाई, मोठा कर, मावशीवानी कर. त्या वक्ताला मला वाटलं, या बाईचं काहीतरी वाईट व्हावं. आणि फाटकात सगळ्या तिला बोलल्या ना, तेव्हा बाई, मला आधी बरं वाटलं."

असं म्हणून ती रडायला लागली. तिचे अश्रू माझ्या कॅनव्हासवर पडले.

एंजेलाबाई रागावल्या नाहीत, पण गोडही बोलल्या नाहीत. "मला सांगितलंस, बरं केलंस. पण बोल मला नव्हता लागला, सुकन्या. फाटकात, सगळ्यांसमोर, रंगुबाईंना लागला होता."

साडेआठला आया जमल्या. सुकन्या पायरीवर उभी राहिली आणि तेच सगळं तिनं पुन्हा सांगितलं. मोजे, औषध, खोटं बोलणं. नोहाची आई तिला नाही नाही ते बोलली. सुकन्यानं ऐकून घेतलं. नोहाची आई त्यानंतर दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलली नाही, हेही सांगायला हवं. सगळं लगेच गोड झालं असं नाही.

मग सुकन्या रंगुबाईच्या घरी गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दहा वाजता दोघी रस्त्यानं येताना दिसल्या. रंगुबाई पुढे, सुकन्या दोन पावलं मागे, हातात रंगुबाईची पिशवी. रंगुबाईनं आल्या आल्या एंजेलाबाईंना सांगितलं, "बाई, मी पण बघितलं हुतं आणि दडवलं. माजी पण चूक हाय. ठेवायचं असंल तर ठेवा."

बाईंनी ठेवलं. पण त्या दिवसापासून बऱ्याच गोष्टी बदलल्या. रोज सकाळी दारातच प्रत्येक पोराचे तळहात, तळपाय आणि जीभ बाई बघायला लागल्या. रंगुबाईच्या ओच्याऐवजी कागदी रुमाल आले, आणि एका पोराचं नाक पुसलं की साबणानं हात धुतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं. एंजेलाबाईंनी स्वतः फिरून कंपन्यांच्या फाटकांवरचे फोन नंबर लिहून आणले, मोबाईल खणात असला तरी निरोप जावा म्हणून. आणि वस्तीतल्या चार बायकांनी कबूल केलं, ज्या आईला खाडा परवडत नाही तिचं बरं होत आलेलं पोर आम्ही घरी सांभाळू. त्या चारजणींत सुकन्यानं आपलं नाव पहिलं घातलं. तिला महिनाभर काम नव्हतं. पुढे जवळच्याच एका मसाल्याच्या कारखान्यात लागलं.

*

डिसेंबरात नगरला हाडं गोठतात. अशाच एका सकाळी प्रार्थनाला खोकला झाला आणि बारा वाजेपर्यंत अंग तापलं. रंगुबाईनं तिला मागच्या खोलीत आणलं. आता ती आधी निरोप धाडते आणि मग पोर मांडीवर घेते. मसाल्याच्या कारखान्यात फोन गेला.

प्रार्थना मांडीवर होती, रंगुबाई माझ्यावर होती आणि मी होते तशीच खाली. पोरगी गुंगीत होती. रंगुबाई तिच्या केसांतून हात फिरवत होती. मला अजूनही हेवा वाटत होता, मित्रांनो. हेवा असा एका दिवसात जात नाही.

वीसेक मिनिटांनी फाटक वाजलं. चपलांचा पळत येणारा आवाज आला.

रंगुबाईनं तो ऐकला. तिनं प्रार्थनाच्या डोक्याखाली हात घातला, तिला मांडीवरून अलगद उचललं आणि माझ्यावर निजवलं. मग स्वतः उठली, पिंपाजवळ गेली आणि पाठ करून तांब्या भरत उभी राहिली.

सुकन्या दारातून आत येईपर्यंत, तेवढा वेळ, ती पोरगी माझ्या एकटीच्या अंगावर होती. मध्ये लुगडं नव्हतं, मांडी नव्हती. तिच्या छातीची धडधड मला कॅनव्हासच्या धाग्याधाग्यात ऐकू येत होती. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मला असं मिळालं. ते माझ्यासाठी नव्हतंच. उचलताना आईला कुणाच्या मांडीवरून ओढावं लागू नये, म्हणून रंगुबाईनं केलं होतं.

सुकन्या वाकली. "मम्मी आली गं," ती म्हणाली. प्रार्थनानं डोळे न उघडताच हात वर केले. सुकन्यानं तिला उचललं. माझ्या अंगावरून ते वजन गेलं आणि कॅनव्हास परत सपाट झालं. सुकन्या वळली, पिंपाकडे बघून म्हणाली, "मावशी, संध्याकाळी घरी या. तुमच्याशिवाय पेज जात न्हाई हिला." रंगुबाई तांब्या धरून हसली, पण वळली नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, बालवाडीत माझ्यासारखी एखादी खाट असेल. तिला स्वच्छ ठेवा, ऊन दाखवा, पण तिच्यावर पोर आणायची घाई करू नका. आजारी मूल मोज्यांत लपवू नका. ज्या आईला लपवावं लागतं तिला आधी विचारा की तिला काय अडचण आहे. हात धुवा, एकाचा रुमाल दुसऱ्याला देऊ नका. आणि कुणाचं तापलेलं लेकरू तुमच्या मांडीवर विसावलं असेल, तर त्याची आई आल्याचा आवाज येताच त्याला खाली ठेवा आणि थोडा वेळ पाठ वळवा.

माझं कॅनव्हास आता फार दिवस टिकणार नाही. शलमोनबाबा म्हणतात, पुढच्या उन्हाळ्यात नवं लावू. लावोत. आजचा दिवस मी रिकामी आहे. खिडकीतून सतरंजीवर बावीसच्या बावीस पोरं दिसत आहेत. कुणीतरी खोकलं, पण तो नुसता पाण्याचा ठसका होता.

बरं झालं.